चार कोंबड्यांचा हिशोब

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. कडकनाथचं अंडं काळं नसतं. गणपतीत मंडळाच्या पंगतीला तीन वेगवेगळ्या मावश्यांनी मला व्हॉट्सॲपवरचा तोच फोटो दाखवला, कोळशासारख्या अंड्यांनी भरलेला ट्रे. फोटो खोटा आहे. अंडं असतं फिकट बदामी, कधी किंचित गुलाबी झाक असलेलं. रक्तही लालच असतं. काळं असतं ते कातडं, मांस, हाडांवरचं आवरण, जीभ, आणि आतले बरेच अवयव. म्हणून तर झाबुआ-अलीराजपूरकडचे भिल आणि भिलाला लोक तिला ‘काली मासी’ म्हणतात. म्हणजे काळ्या मांसाची. मावशीचा काही संबंध नाही, हेही त्या पंगतीत सांगावं लागलं.

आपल्या इंदूरपासून झाबुआ जेमतेम दीडशे किलोमीटर. तरीही आपल्यातल्या बहुतेकांना कडकनाथ कळला तो बातम्यांमधून. २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा छत्तीसगडच्या दंतेवाड्यानंही हक्क सांगितला होता. गंमत अशी की मानांकन पक्ष्याला नाही, ‘झाबुआ कडकनाथ’च्या काळ्या मांसाला आहे. पक्षी टिकवण्याचं काम मात्र आजही कोणीतरी खुराड्यात उभं राहूनच करावं लागतं.

ते काम मी आणि माझे मामा गेली तीन वर्षं करतोय. महूच्या पुढे मानपूरच्या वाटेवर मामांची थोडी जमीन आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथे शेड बांधली. मी सोमवार ते शुक्रवार लॅपटॉपसमोर आणि शनिवार-रविवार शेडमध्ये. खरं काम मामी करतात, हे लिहिल्याशिवाय लेख पाठवायचा नाही अशी घरातून ताकीद आहे. आमच्या आजीकडे अंडं अजूनही स्वयंपाकघराच्या बाहेर, वेगळ्या शेगडीवर शिजतं. पण पिल्लं बघायला ती सगळ्यांच्या आधी गाडीत बसलेली असते.

कडकनाथ हा धंद्याच्या भाषेत आळशी पक्षी. बाजारातला ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या घरात जातो. कडकनाथची कोंबडी पाच-सहा महिन्यांनी कुठे सव्वा किलोची होते, नर दीड ते दोन किलोचा. अंडी वर्षाला ८० ते १००. लेअर कोंबडी तीनशे देते. शिवाय कडकनाथ कोंबडी खुडूक बसायला नाखूश, त्यामुळे गावात तिची अंडी दुसऱ्या देशी कोंबडीखाली ठेवतात. आमच्याकडे उबवणी यंत्र आहे : ३७.५ अंश, २१ दिवस, पहिले १८ दिवस अंडी फिरवत राहायची. वीज गेली की मामांचा रक्तदाब वाढतो.

मग ‘सुधारणा’ करायची म्हणजे काय? इथेच आमची जुंपते.

सोपा रस्ता सगळ्यांना ठाऊक आहे : जाड, भराभर वाढणाऱ्या जातीचं रक्त मिसळा. पहिल्या पिढीत फरक लगेच दिसतो. पिल्लं तगडी, वाढ जोरात, अंडी जास्त. संकराचा हा जोम खरा असतो, त्यात जादू नाही. पण त्या पिल्लांची पुढची पिढी काढली की पत्ते पिसल्यासारखं होतं. एक आजोबांवर गेलेलं, एक आजीवर, एक कोणावरच नाही. जोम ओसरतो आणि मूळ जातही हातातून गेलेली असते.

गेल्या पावसाळ्यात एक व्यापारी बारा तलंगा घेऊन आला. काळ्याकुट्ट, वजनदार, तीन महिन्यांच्या मानानं चांगल्या भरलेल्या. ‘सुधारलेला कडकनाथ’ म्हणाला. मामांनी चोच उघडून जीभ पाहिली. काळी. पंजे पाहिले. काळे. माझ्याकडे बघून म्हणाले, “अरे इंजिनिअर, आता बोल. यात खोट काय आहे?”

खोट डोळ्यांना दिसत नाही, हीच तर अडचण. जरा सविस्तर सांगतो, कारण हे मला सॉफ्टवेअरमधल्या कुठल्याही कोड्यापेक्षा भारी वाटतं.

कडकनाथला काळं करतं ते त्याच्या विसाव्या गुणसूत्रावरचं एक उलटंपालटं होऊन दुप्पट झालेलं तुकडं. त्यामुळे अंड्यातच रंगपेशी वारेमाप वाढतात आणि सगळ्या अंगभर पसरतात. चीनची सिल्की, इंडोनेशियाची आयाम चेमानी, या सगळ्या काळ्या कोंबड्यांत हाच बदल सापडतो. तो ठळक आहे, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडून आला तरी पिल्लू काळं होऊ शकतं. ‘शकतं’ अशासाठी की दुसऱ्या एका ठिकाणी एक ब्रेक बसवलेला असतो. हा ब्रेक कातड्यातला काळेपणा दाबतो. पिवळट किंवा गोऱ्या पायांच्या कोंबड्यांत तो असतो, कडकनाथमध्ये नसतो. आणि तो असतो झेड नावाच्या लिंग-गुणसूत्रावर.

पक्ष्यांत आपल्या उलट असतं. नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणजे कोंबडीला तिचा एकुलता एक झेड फक्त बापाकडून मिळतो. आता कडकनाथ कोंबडा गोऱ्या पायांच्या साध्या कोंबडीवर सोडा. मुलग्यांना आईकडून ब्रेक मिळतो, ते फिके निघतात. मुलींना आईचा ब्रेक मिळतच नाही, त्या काळ्या. व्यापाऱ्यानं फिके नर कुठेतरी विकून टाकायचे आणि काळ्या तलंगा ‘कडकनाथ’ म्हणून दारात आणायच्या. बारा तलंगा आणि सोबत त्यांचा एकही भाऊ नाही, तेव्हाच मला शंका आली.

पुढची मजा ऐका. अशी अर्धी तलंग तुमच्या शुद्ध कोंबड्याखाली आली की तिची सगळी पिल्लं काळी. कारण बाप प्रत्येकाला काळेपणा देतोच, आणि ब्रेक तर कोणाकडेच नाही. तुम्ही खूश. त्याच्या पुढच्या पिढीत मात्र, मिसळ असलेला नर आणि मिसळ असलेली मादी एकत्र आले की चारातलं एक पिल्लू गोरं निघतं. तोपर्यंत निम्म्या कळपात ते रक्त गेलेलं असतं. आमच्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर, चाचणीत सगळं हिरवं आणि दोन वर्षांनी गिऱ्हाइकाचा फोन.

हे मी मामांना तिथेच पोह्यांच्या प्लेटमधले शेंगदाणे आणि डाळिंबाचे दाणे मांडून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दाणे खाल्ले आणि म्हणाले, “ते सगळं ठीक. पण दाण्याचं पोतं कोण भरणार? पक्षी विकायचाय की संग्रहालयात ठेवायचाय?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मामांचे पेन्शनचे पैसे यात गेलेत. त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, की आणखी एक वर्ष शेडनं स्वतःचा खर्च काढला नाही तर पक्षी विकून तिथे लसूण लावणार. आणि संकर हे काही पाप नाही. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या पक्षी संशोधन संस्थेनं कडकनाथ वापरून ‘कारी श्यामा’ केली. आपल्या जबलपूरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठानं ‘नर्मदानिधी’ केली, तिच्यात चार आणे कडकनाथ आहे. दोन्ही आपापल्या नावानं दिल्या जातात, कडकनाथ म्हणून नाही. परसात पाळायला मीही कोणाला नर्मदानिधीच सुचवीन. फक्त या दोन्ही करायला आधी कुठेतरी शुद्ध कडकनाथ असावा लागला. तो सगळ्यांनीच ‘सुधारून’ टाकला तर पुढच्या वेळी मिसळायचं काय?

शेवटी मामांनी बारापैकी सहा घेतल्या. विहिरीच्या पलीकडे वेगळं खुराडं, पायात लाल कडी, अंडी ‘क्रॉस’ म्हणून विकायची, आणि त्यांचं एकही अंडं यंत्रात जाणार नाही. यंत्राची किल्ली मामींकडे आहे, त्यामुळे मी निर्धास्त. त्या सहा कोंबड्या सध्या दाण्याचा बराच खर्च काढतात, हेही खरं.

आता शुद्ध कळपाचं. बाहेरचं रक्त नको म्हटलं की दुसरी भीती उभी राहते, ती म्हणजे घरातल्या घरात लग्नं. गावोगाव मी पाहतो, लोक दहा कोंबड्यांमागे एकच झकास कोंबडा ठेवतात. जमाखर्चाला बरं, पुढच्या पिढीला वाईट. याचं एक साधं सूत्र आहे : नर गुणिले मादी गुणिले चार, भागिले नर अधिक मादी. एक कोंबडा आणि दहा कोंबड्या म्हणजे ४० भागिले ११, साधारण साडेतीन-पावणेचार. कळप दिसतो अकराचा, पण वंशाच्या हिशोबात तो चारचाही नाही. एका पिढीत सुमारे १४ टक्के रक्त जवळ येतं. सावत्र भावंडांची पिल्लं काढली तर साडेबारा टक्के येतं, यावरून अंदाज करा. कोंबड्या दहाच्या तीस केल्यात तरी १४ चे १३ होतात, बस. पण चार कोंबडे आणि वीस कोंबड्या ठेवा, आकडा थेट पावणेचार टक्क्यांवर येतो. म्हणून आमच्याकडे चार कोंबडे कमीत कमी. चौघांचं आरवणं पहाटे चारला सुरू होतं. शेजारचे शेतकरी दादा यावर काय बोलतात ते इथे छापता येणार नाही.

जवळचं रक्त वाढलं की आधी बोलतात अंडी. फळत नाहीत, किंवा पिल्लू पूर्ण वाढून कवचातच मरतं. लोक यंत्राला दोष देतात.

आम्ही पक्ष्यांची तीन घराणी केली आहेत : निळी, पिवळी, पांढरी कडी. सुरुवातीची पिल्लं मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणची आणली, काही झाबुआतल्या सरकारी केंद्रातली, काही अलीराजपूरकडच्या घरांतून. मुली ज्या त्या घराण्यात राहतात. मुलगे दरवर्षी पुढच्या घराण्यात सासरी जातात, म्हणजे निळ्याचे पिवळ्यात, पिवळ्याचे पांढऱ्यात, पांढऱ्याचे निळ्यात. घरजावई पद्धत, असं आजी म्हणते. यात भावा-बहिणीची गाठ पडत नाही आणि बाहेरचा कोंबडाही लागत नाही.

निवड कशी करायची, यावर बरंच लिहिता येईल. पण कळीचा मुद्दा एकच आहे. कोंबडा अंडी देत नाही. त्यामुळे अंडी वाढवायची तर त्याचा तुरा आणि रुबाब पाहून उपयोग नाही, त्याची आई आणि बहिणी पाहाव्या लागतात. त्यासाठी कोणतं अंडं कोणाचं ते कळायला हवं. आमच्याकडे दार आपोआप खाली पडणाऱ्या पेट्या आहेत. कोंबडी आत गेली की अडकते, मामी येऊन तिला सोडतात आणि अंड्यावर पेन्सिलनं कडीचा नंबर लिहितात. दिवसातून पाच-सहा फेऱ्या. मी ते रात्री एक्सेलमध्ये भरतो आणि श्रेय घेतो. पहिल्या वर्षी सरासरी ७४ अंडी होती, यंदा ८६. यातला मोठा वाटा चांगल्या दाण्याचा आणि थंडीत लावलेल्या दिव्याचा आहे, निवडीचा अजून थोडाच. निवड हळूच चालते.

लसींचं वेळापत्रक पशुवैद्यांकडून घ्या : मरेक्स पहिल्या दिवशी, लासोटा पहिल्या आठवड्यात, मग गंबोरो. मानमोडी आली तर कोणतंही एक्सेल वाचवत नाही.

आणखी एक. सगळे पक्षी एकाच शेडमध्ये ठेवू नयेत. जानेवारी २०२१ मध्ये झाबुआ जिल्ह्यातल्या एका कडकनाथ फार्मवर बर्ड फ्लू निघाला आणि पक्षी नष्ट करावे लागले. वर्षानुवर्षं केलेली निवड अशी एका दिवसात जाऊ शकते. म्हणून पांढरं घराणं आता देवासजवळ एका मित्राच्या शेतावर आहे.

आणि कोणी ‘पिल्लं आम्ही देतो, पक्षी आम्हीच परत घेतो, पैसे दुप्पट’ म्हणत आलं तर सांगली-इस्लामपूरच्या नातेवाइकांना फोन करून २०१९ मध्ये तिथे काय झालं ते विचारा. किती घरं त्यात अडकली ते तेच सांगतील.

दिवाळीनंतर यंदाची नरांची अदलाबदल आहे. निळ्या घराण्यातला सात नंबरचा कोंबडा पिवळ्यात जायला हवा, कारण त्याच्या आईची ११२ अंडी आहेत. पण दिसायला तो किडमिडीत. मामांचं मन तीन नंबरवर आहे, दांडगा, मान वर करून चालणारा. त्याच्या आईची ६१. मी आकडे पाठवलेत, मामांनी त्यावर फक्त तीन नंबरचा फोटो पाठवलाय. यंत्राची किल्ली मामींकडे असल्यामुळे निकाल त्यांच्या हातात आहे.

मंडळातलं कोणी त्या रविवारी येणार असेल तर जरूर या, मुलांनाही आणा. फक्त फाटकापाशी चुन्याचा ट्रे आहे, चप्पल-बूट त्यात बुडवून मगच आत. घरी तुमच्याही कोंबड्या असतील तर पलीकडून, जाळीबाहेरूनच बघा. मामी या बाबतीत कोणाचंच ऐकत नाहीत.