‘बालेकिल्ला’ या शब्दाविषयी

बारामतीचा उल्लेख आला की वृत्तपत्रांच्या लेखणीतून ‘बालेकिल्ला’ हा शब्द आपसूक उतरतो. १९६७ साली शरद पवार येथून प्रथम विधानसभेवर गेले. पुढील दशकांत हे रूपक रूढ झाले. आम्हांला ते आता अपुरे वाटते. किल्ल्याला तट असतो, किल्लेदार असतो. स्वतःचे मत मात्र नसते.

२०२४ चे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. लोकसभेला बारामती विधानसभा क्षेत्राने सुप्रिया सुळे यांना सुमारे ४८ हजारांची आघाडी दिली. नोव्हेंबरमध्ये त्याच क्षेत्राने अजित पवारांना लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून दिले. इंदापूरनेही लोकसभेला सुळे यांनाच आघाडी दिली होती. पण विधानसभेला त्यांच्याच पक्षाचे हर्षवर्धन पाटील तेथे दत्तात्रय भरणे यांच्याकडून पराभूत झाले. पाटील २०१४ मध्ये काँग्रेसचे, २०१९ मध्ये भाजपचे उमेदवार होते. तेव्हाही निकाल हाच होता.

कुणी याला भावनेची लाट म्हणेल, कुणी संभ्रम. आम्ही याला विवेक म्हणतो. कालव्याचे आवर्तन, औद्योगिक वसाहतीतला रोजगार हे प्रश्न मुंबईतील सत्तेशी बांधलेले. खासदाराची निवड निराळ्या कसोटीवर. मतदाराने दोन प्रश्नांना दोन उत्तरे दिली, एवढेच.

‘बालेकिल्ला’ म्हटले की जिरायती गावातला शेतकरी आणि कारखान्यातला कामगार तटामागे दिसेनासे होतात. शब्दांचा अभ्यास करणाऱ्यांनी तरी हा शब्द जपून वापरावा.