विश्लेषण : सामाजिक मानसशास्त्रात एमए केल्यावर ‘थेरपिस्ट’ होता येते का?

मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून बंद केले. नोकरी किंवा घर सांभाळून एमए करू पाहणाऱ्यांना आता वर्गात बसण्यावाचून पर्याय नाही. त्यामुळे सामाजिक मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी नेमके काय देते, हे प्रवेशापूर्वीच समजून घेणे गरजेचे झाले आहे.

सामाजिक मानसशास्त्र म्हणजे काय?

इतरांच्या सहवासात आणि दबावाखाली माणूस कसा वागतो, याचा हा अभ्यास. गर्दी, अफवा, पूर्वग्रह, जात-धर्माच्या अस्मिता, आज्ञापालन हे त्याचे विषय. अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रम यांनी १९६१ मध्ये सुरू केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. प्रयोगकर्त्याच्या सूचनेवरून ४० पैकी २६ जणांनी समोरच्याला ४५० व्होल्टपर्यंतचे विजेचे झटके दिले. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. ‘या व्यक्तीला कोणता आजार आहे’ असे ही शाखा विचारत नाही. ‘परिस्थिती सामान्य माणसाला असे का वागायला लावते’ हा तिचा प्रश्न असतो.

रुग्णांवर उपचार करता येतात का?

केवळ या पदवीवर नाही. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) मान्यता असलेले प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील व्याख्येत ‘मेडिकल अँड सोशल सायकॉलॉजी’तील एमफिलचा उल्लेख आहे आणि त्यावरून गोंधळ होतो. मात्र तो दोन वर्षांचा, पूर्णवेळ आणि रुग्णांसोबत देखरेखीखाली प्रशिक्षण देणारा स्वतंत्र अभ्यासक्रम होता. सामाजिक मानसशास्त्रातील एमए त्याच्या बरोबरीचे नाही. समुपदेशनासाठीही वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते.

दूरस्थ शिक्षणाचे दार का बंद झाले?

२०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोग कायद्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञांचा समावेश आहे. प्रत्यक्ष सरावाविना असे शिक्षण नको, ही भूमिका रुग्णहिताची आहे. पण त्याची झळ उपचाराशी थेट संबंध नसलेल्या शाखांनाही बसते. इग्नूच्या एमएला कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश मिळत असे आणि त्यात सामाजिक मानसशास्त्राचाही अभ्यास होता. लहान गावांतील विद्यार्थी, नोकरदार आणि लग्नानंतर शिकू पाहणाऱ्या महिलांसाठी असा सोयीचा मार्ग आता उरलेला नाही.

मग या पदवीचा उपयोग कुठे?

अध्यापन आणि संशोधन हा सरळ मार्ग. सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. याशिवाय बाजार संशोधन, मतचाचण्या, अ‍ॅपच्या वापरकर्त्यांचा अभ्यास, लसीकरण किंवा स्वच्छतेसारख्या मोहिमांचे मूल्यमापन अशा कामांत हे शिक्षण उपयोगी पडते. तिथे पदवीच्या नावापेक्षा प्रश्नावली तयार करणे, नमुना निवडणे आणि संख्याशास्त्र यांना किंमत असते. २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत सामाजिक मानसशास्त्रातील जेमतेम चतुर्थांश निष्कर्ष पुन्हा सिद्ध झाले. संशोधनपद्धतीत कच्चे राहणे या विषयाला किती महागात पडते, हे त्यावरून कळते.

प्रवेशापूर्वी काय तपासावे?

अनेक ठिकाणी पदवी ‘एमए मानसशास्त्र’ अशीच मिळते आणि सामाजिक मानसशास्त्र हा त्यातील एखादा पेपर असतो. त्यामुळे माहितीपुस्तिकेपेक्षा अभ्यासक्रम वाचावा. संख्याशास्त्राला किती श्रेयांक आहेत, प्रबंध सक्तीचा आहे का, क्षेत्रकार्य होते का आणि मार्गदर्शक प्राध्यापक या विषयात संशोधन करतात का, हे विचारावे. उपचार करण्याचीच इच्छा असेल, तर आरसीआयच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त संस्थांची यादी आधी पाहावी. दोन वर्षे आणि शुल्क खर्च झाल्यावर हा फरक कळला, तर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते.