परिमित आयुष्याचे मोल

आयुष्याची परिमितता, म्हणजे काळ आणि शक्ती या दोहोंना असलेला अटळ अंत, ही सहसा उणीव मानली जाते; परंतु ज्याच्यापाशी अमर्याद काळ आहे त्याला काहीच निवडावे लागत नाही, आणि निवडीवाचून कोणत्याही कामाला मोल येत नाही. उदाहरणार्थ, संस्कृत पंडित महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेच्या निमित्ताने हाती घेतलेला धर्मशास्त्राचा, म्हणजे आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त यांविषयीच्या नियमपरंपरेचा, इतिहास १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध झाला, आणि अखेरचा खंड आला तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती.

एका विषयाला एवढी वर्षे वाहणे म्हणजे इतर अनेक विषयांवरील हक्क जाणीवपूर्वक सोडणे होय. असा त्याग ही हार नव्हे. सर्व काही साधण्याचा हव्यास माणसाला विखुरतो, तर मर्यादेचा स्वीकार त्याची शक्ती एकवटतो. म्हणून उरलेल्या काळाची मोजदाद करीत खंत बाळगण्यापेक्षा त्यातील कोणता भाग कोणत्या कामासाठी आणि कोणत्या माणसांसाठी राखावयाचा, हे प्रत्येकाने वेळीच ठरविणे अगत्याचे आहे.