उन्हाळ्यात डीपीच्या आर्थिंगला पाणी का घालतात?

कडक उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या गावांत डीपीच्या बुडाशी पाणी ओतताना माणसं दिसतात. नवख्याला हा अंधश्रद्धेचा प्रकार वाटेल. पण यामागे चोख कारण आहे.

एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज मिळते. बिलाची चर्चा भरपूर झाली, डीपीखालच्या खड्ड्याची मात्र फारशी होत नाही.

डीपीत वरून ११ हजार व्होल्टच्या तीन तारा येतात. तिथे डेल्टा जोडणी असते, म्हणजे वरून न्यूट्रल येतच नाही. खालच्या बाजूला तीन गुंडाळ्यांची टोकं एकत्र जोडून तो तिथेच तयार केला जातो. दोन फेजमध्ये साधारण ४३३ व्होल्ट, फेज आणि न्यूट्रलमध्ये २५०. हा न्यूट्रल जमिनीला बांधलेला असेल तरच जमिनीच्या हिशेबानं प्रत्येक फेज २५० वर टिकते. तो सुटला आणि एक फेज कुठे जमिनीला टेकली, तर उरलेल्या दोन फेज जमिनीपासून ४३३ वर जातात. न्यूट्रललाही शॉक बसतो, ज्याला सगळे निर्धास्त हात लावतात.

जालना जिल्ह्यात अडचण मातीची आहे. काळी माती ओली असताना वीज छान वाहून नेते, पण वाळली की तिला भेगा पडतात आणि ती पाइपला सोडते. म्हणून खड्ड्यात मीठ, कोळसा आणि वरून पाणी. न्यूट्रलला किमान दोन वेगळ्या आर्थिंग हव्यात, असा केंद्रीय वीज प्राधिकरणाचा नियमच आहे.

आता पडलेल्या तारेचं गणित. वाटेतला एकूण रोध ५ ओहम असेल तर २५० व्होल्टला ५० अॅम्पियर वाहतील. ५० ओहम असेल तर फक्त ५, म्हणजे पाच एचपीच्या मोटरपेक्षाही कमी. मग फ्यूज कशाला उडेल? खरं तर १०० केव्हीएच्या डीपीची फ्यूज ५० अॅम्पियरलाही उडेलच असं नाही, आणि तिथे कोणी जाड तार गुंडाळली असेल तर विषयच संपला. त्यामुळे पडलेली तार कायम जिवंतच समजायची.

घरातले टीव्ही-पंखे एकाच वेळी जळतात तेव्हा ‘आर्थिंग गेली’ असं म्हणतात. बहुतेकदा तिथे न्यूट्रलची तारच तुटलेली असते. मग दोन फेजवरची घरं एकमेकांशी जोडली जातात आणि कमी लोड असलेल्या घरात व्होल्टेज ४०० कडे झेपावतं.

शेतात एक फेज आणि जमिनीत ठोकलेली सळई यांवर बल्ब लावण्याची युक्तीही अनेकांना ठाऊक असते. सळईभोवतीची माती सुकली की तीच सळई करंट मारते, आणि जवळ बांधलेलं जनावर आधी जातं.

पाणी घालायचं असेल तर आधी लाइनमनला विचारावं. खड्ड्यातली तार तुटलेली दिसली, तर ती हातानं जोडू नये. महावितरणला १९१२ वर कळवता येतं.