रिपोर्टातला ‘पॉझिटिव्ह’

एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी हल्ली सर्रास लिहून दिली जाते. कंबर धरली, करा बी२७. डोळा लाल झाला, करा बी२७. रिपोर्टावर ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’ उमटतं आणि घरातल्यांची तोंडं उतरतात. पत्रिकेत मंगळ निघाला की ज्या पोरीला अजून काहीही झालेलं नाही तिच्याकडे सगळे ज्या नजरेने बघू लागतात, तीच नजर. खरं तर बी२७ असलेल्या बहुतेकांना ना पाठीचा आजार होतो, ना डोळ्याचा. पण हे सांगायला ओपीडीत वेळ कुणाला आहे?

जनुक म्हणजे विधिलिखित, ही समजूत मोडायला बी२७पेक्षा सरस उदाहरण त्याच्याच भावकीतल्या ए२९चं आहे. ते ज्या आजाराशी जोडलेलं आहे त्याचं नाव बर्डशॉट कोरिओरेटिनोपथी. अमेरिकेतल्या रायन आणि मॉमनी या नेत्रतज्ज्ञांनी १९८० साली हे नाव दिलं. डोळ्याच्या पडद्यामागे पसरलेले ठिपके त्यांना बंदुकीतून उडालेल्या छऱ्यांसारखे वाटले.

या आजारात डोळा लाल होत नाही, दुखत नाही, ‘डोळे आलेत का?’ असं कुणी विचारत नाही. पेशंट साधारण पन्नाशीचा. नजरेसमोर काळे ठिपके तरंगतात, रंग फिके वाटतात, तिन्हीसांजेला जिना उतरताना पायरी चुकते. दवाखान्यात मात्र तो तक्त्यावरची शेवटची ओळ बिनचूक वाचून दाखवतो आणि ‘वयोमानाप्रमाणे आहे’ असं ऐकून घरी जातो. बाहुलीत थेंब टाकून ती मोठी केली आणि मागचा पडदा नीट पाहिला, तर दृष्टिनाडीच्या भोवती, जास्त करून नाकाकडच्या आणि खालच्या बाजूला, फिकट मलईच्या रंगाचे लांबट ठिपके दिसतात. दोन्ही डोळ्यांत. वर्षानुवर्षं तसंच राहू दिलं तर दृष्टीचं क्षेत्र कडेकडेने गळत जातं.

१९८२ मध्ये रॉबर्ट नुसेनब्लाट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या पेशंटांमध्ये एचएलए-ए२९ हा प्रकार विलक्षण प्रमाणात सापडतो. पुढच्या अभ्यासांत ते प्रमाण शंभरात पंच्याण्णवच्या वर गेलं. एचएलए आणि आजार यांचं इतकं घट्ट नातं वैद्यकात क्वचितच दिसतं. ए२९ नसेल तर निदानच पुन्हा तपासावं, असं बरेच तज्ज्ञ मानतात.

आता हेच उलट बाजूने वाचा. युरोपीय वंशाच्या शंभर माणसांत साधारण सात जणांकडे ए२९ असतं. म्हणजे नेदरलँड्ससारख्या पावणेदोन कोटींच्या देशात बारा लाख माणसं ते रक्तात बाळगून सायकली हाणतायत. त्यांच्यापैकी बर्डशॉट होतो हजारात एकालाही नाही. आजार असेल तर ए२९ जवळजवळ हमखास. ए२९ असेल तर आजार जवळजवळ कधीच नाही. ही दोन वाक्यं एकच आहेत असं समजून किती लोकांची झोप उडाली असेल!

मग आजार व्हायला ए२९शिवाय आणखी काय लागतं? एचएलएचं काम थोडक्यात असं. आपल्या प्रत्येक पेशीत प्रथिनं मोडली जातात. त्यांचे आठ-दहा अमिनो आम्लांचे तुकडे एचएलएचे रेणू पेशीच्या पृष्ठभागावर आणून धरतात. टी-पेशी येता-जाता ते तपासतात. तुकडा विषाणूचा असला तर ती पेशी मारतात, घरचा असला तर पुढे जातात. किडनी बदलताना एचएलए जुळवतात तेही याच रेणूंसाठी. कुठल्या घडणीचा तुकडा आपल्या खोबणीत बसवून घ्यायचा, याबाबत ए२९ची आवड इतरांपेक्षा वेगळी आहे.

आणि तुकडा आधी मापात कातरावा लागतो. ते काम ईआरएपी-१ आणि ईआरएपी-२ हे एन्झाइम करतात. २०१४ मध्ये मुख्यतः डच आणि स्पॅनिश पेशंटांचा संपूर्ण जनुकसंच चाळला, तेव्हा एचएलएच्या बाहेर एकच ठिकाण ठळकपणे पुढे आलं : ईआरएपी-२. गंमत अशी, की साधारण चौथा हिस्सा माणसांमध्ये हा एन्झाइम जवळपास बनतच नाही आणि त्यांचं काही अडत नाही. ज्यांच्यात तो बनतो आणि ज्यांच्याकडे ए२९ही आहे, त्यांचा धोका वाढतो. पुढे २०१८ मध्ये ईआरएपी-१च्या एका मंद प्रकाराचीही त्यात भर पडली. एकाची कात्री मंद, दुसऱ्याची चालू. त्यातून डोळ्यातला कुठलासा तुकडा ए२९च्या खोबणीत जास्त बसत असावा आणि टी-पेशी तिथे जमत असाव्यात, असा आजचा तर्क आहे. तो तुकडा मात्र अजून कुणाच्या हाती लागलेला नाही.

ईआरएपी-२चं असं घातक जनुक निसर्गाने ठेवलं तरी कशाला? २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध आला. लंडन आणि डेन्मार्कमधल्या दफनभूमीतल्या हाडांवरून असा दावा, की चौदाव्या शतकातल्या प्लेगातून वाचण्यात ईआरएपी-२चा कामसू प्रकार उपयोगी पडला. (आपल्याला प्लेग म्हटलं की रँड आणि चापेकर आठवतात, जंतू तोच.) त्या आकडेमोडीवर इतरांनी गंभीर आक्षेप घेतलेत आणि मला ते आक्षेप वजनदार वाटतात. पण साथीशी झुंजणारी यंत्रणाच कधी स्वतःच्या डोळ्यावर उलटते, या मूळ विचाराला त्या वादाने धक्का लागत नाही.

आपल्याकडे बर्डशॉट फारच विरळा. ए२९ भारतात सापडतं, तरीही. म्हणूनच पुण्या-नागपुरात पडद्यामागे फिके ठिपके दिसले की एचएलएची महागडी तपासणी लिहिण्याआधी क्षयरोग, सार्कॉइड, व्हीकेएच हे आजार वगळलेच पाहिजेत. क्षयाचा जंतू डोळ्याच्या मागच्या थरात असाच फिका डाग पाडून बसू शकतो, आणि त्याच्यावर नुसतं स्टेरॉइड दिलं तर तो फोफावतो. युरोपातल्या पेशंटांवरून बांधलेली शक्यतांची गणितं इथे तशीच्या तशी लावणं हा माझ्या मते आळस आहे. भारतीय पेशंटांच्या जनुकांचा असा सविस्तर अभ्यास सरकारी पैशाने व्हायला हवा. खाजगी लॅबच्या ‘पॅकेज’मधून तो होणार नाही.

बर्डशॉटवर उपचार आहेत. सुरुवातीला स्टेरॉइड, मग मायकोफेनोलेट, सायक्लोस्पोरिन किंवा अडालिम्युमॅब, बहुधा अनेक वर्षं. तक्ता वाचून काही कळत नसल्याने पडद्याचा विद्युतआलेख काढून लक्ष ठेवावं लागतं. जनुक कळल्याने यातली एकही गोळी कमी झालेली नाही, हेही सांगून टाकतो.

पेशंटची भावंडं विचारतात, आम्हीही ए२९ तपासून घेऊ का? भावंडांत ते निघण्याची शक्यता बरीच असते, आणि निघालं तरी करण्यासारखं काही नसतं. ते पैसे वाचवा. डोळ्यांपुढे ठिपके तरंगू लागले किंवा अंधारात चाचपडायला झालं, तर बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. थेंब टाकल्यावर चार-पाच तास धूसर दिसतं, तेव्हा जाताना स्कूटर घरी ठेवा.