ताल चुकतोय, पण कुणाचा?

हल्ली प्रत्येक ऑफिसात एक तरी म्युझिक डायरेक्टर असतोच. दिवसभर एक्सेल शीट आणि रात्री बेडरूममध्ये स्टुडिओ. टेबलावर लॅपटॉप, हप्त्यांवर घेतलेलं ऑडिओ इंटरफेस, एक कीबोर्ड, आणि भिंतीला चिकटवलेले अंड्यांचे ट्रे (त्यांनी आवाज अडत नाही, पण सांगणार कोण?). या सगळ्या मंडळींची एक तक्रार मात्र कॉमन असते. ‘यार, वाजवताना बरोबर वाजवतो, पण रेकॉर्ड झाल्यावर सगळं हललेलं असतं.’ समोरचा शहाणपणानं सांगतो, ‘प्रॅक्टिस वाढव.’ खरा लोच्या होतो तो इथेच.

माझ्या एका मैत्रिणीचंच घ्या. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. शाळेपासून आठ वर्षं तबला शिकली, मग नोकरी लागली आणि क्लास सुटला. मागच्या वर्षी जुन्या कॉलेज ग्रुपनं एकांकिकेचं पार्श्वसंगीत तिच्यावर सोपवलं. ही सॉलिड खूश! महिनाभर रोज ऑफिसातून आल्यावर खपत होती. दिग्दर्शक साहेबांनी ट्रॅक ऐकले आणि चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर सांगून टाकलं, ‘अगं, ठेका डळमळतोय. तबला विसरलीस वाटतं.’ त्या रात्री तिनं मला फोन केला. ‘खरंच हात गेला असेल का गं माझा?’ आठ वर्षांच्या रियाजावर एक लॅपटॉप प्रश्नचिन्ह लावतो म्हणजे काय? डोकंच फिरलं माझं. रविवारी तिच्याकडे जाऊन ठिय्या मारला.

पहिली टेस्ट हाताची. कपाटावरून तबला काढला, एका फोनवर मेट्रोनोम लावला आणि दुसऱ्या फोनवर दोन्ही एकत्र रेकॉर्ड केलं. म्हणजे मध्ये कॉम्प्युटर नाहीच. दादरा, केरवा, मग थोडी लग्गी. ऐकलं तर ठोका आणि टकटक एकमेकांवर फिट्ट बसलेले. हात शाबूत होता. मग चुकत होतं कोण?

आता थोडी थिअरी, पण बोअर करणार नाही. कीबोर्डमधून कॉम्प्युटरकडे मिडीनं जे जातं तो आवाज नसतोच. जातो तो फक्त निरोप: अमुक पट्टी दाबली, इतक्या जोरात, आता सोडली. ही भाषा १९८३ साली आली. त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ असे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथ केबलनं जोडून दाखवले होते. एकाची पट्टी दाबली की दुसरा वाजायचा. सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांना या कामासाठी २०१३ साली टेक्निकल ग्रॅमी मिळालं. दोघेही आता हयात नाहीत, पण त्यांची भाषा अजून ठणठणीत आहे.

मात्र तिचा स्पीड १९८३चाच आहे. पाच पिनांच्या गोल केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट्स जातात. एका नोटच्या निरोपाला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो. आणि निरोप जातात एकामागून एक, स्वारगेटच्या तिकीट खिडकीसारखे रांगेत. तुम्ही दोन्ही हातांनी दहा पट्ट्यांचा कॉर्ड एकदम दाबलात तरी पहिली आणि दहावी नोट यांच्यात नऊ-दहा मिलिसेकंदांचं अंतर पडू शकतं. (एकच कमांड पुन्हा पुन्हा न पाठवण्याची एक ट्रिक आहे, तिनं हे कमी होतं.) त्यात कीबोर्डला आफ्टरटच असेल, म्हणजे दाबलेली पट्टी आणखी दाबली की सिग्नल सोडणारी सोय, तर रांगेत फुकटचे घुसखोर वाढतात. वापरत नसाल तर सॉफ्टवेअरच्या मिडी फिल्टरमध्ये जाऊन आफ्टरटच रेकॉर्ड होणं सरळ बंद करा.

पण मिलिसेकंद म्हणजे केवढा? आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. मैफिलीत तबलजी गायकापासून दोन मीटरवर बसला असेल, तर त्याला आवाज सहा मिलिसेकंद उशिरा पोचतो. लक्ष्मी रोडवर ढोल-ताशा पथकाच्या शेवटच्या रांगेतला ढोलवाला पहिल्या ताशापासून १७ मीटर मागे असेल, तर ५० मिलिसेकंद! तरी पथक वाजतंच ना झकास? कारण तो उशीर ठरलेला असतो आणि माणूस तो अंगवळणी पाडून घेतो.

इथे खरी गोम आहे. उशीर दोन प्रकारचा. कंपनीची बस रोज दहा मिनिटं लेट येत असेल तर टेन्शन नाही, आपण घरातून दहा मिनिटं उशिरा निघतो. हा झाला लेटन्सी. पण बस कधी दोन मिनिटं लेट, कधी बावीस, कधी वेळेआधीच हजर असेल, तर मात्र वाट लागते. हा जिटर. लेटन्सीला औषध आहे. जिटर आधी पकडावा लागतो, आणि तो जातो तालाच्याच जिवावर.

माझी मैत्रीण शेवटी टेस्टर. तिनं वही काढली, रकाने पाडले आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची असा कायदा केला. पहिला आरोपी दोन मिनिटांत सापडला: कानातले ब्लूटूथ इअरबड्स. रात्री रूममेट झोपलेली, त्यामुळे बिचारी हेच वापरत होती. ब्लूटूथवर आवाज १५०-२०० मिलिसेकंद सहज मागे पडतो आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला बहुतेक वेळा त्याचा पत्ताच नसतो. म्हणजे क्लिक तिच्या कानात उशिरा पोचायचा, त्या क्लिकवर ती अचूक वाजवायची, आणि सॉफ्टवेअर म्हणणार, ‘मॅडम, लेट!’ त्यावर कडी म्हणजे स्वतःची नोटही उशिरा ऐकू यायची, म्हणून हात नकळत पुढे पळायचा. एकाच गाण्यात मागेही आणि पुढेही. तबलजी कितीही पक्का असो, यात डळमळणारच. साधा वायरवाला हेडफोन लावला आणि अर्धं दुखणं तिथेच पळालं.

दुसरा आरोपी बफर. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबानं देत नाही, बादली भरून ओततो. बादली १,०२४ सॅम्पल्सची असेल तर ४४.१ किलोहर्ट्झवर ती भरायला २३ मिलिसेकंद लागतात. २५६ला सहाच्या आत, आणि १२८ला तीनच्या आत. तिची होती १,०२४, कारण कुणीतरी सांगितलं होतं की मोठा बफर चांगला. चांगलाच असतो, पण मिक्सिंगला. वाजवताना तो १२८ किंवा २५६वर आणायचा. विंडोजवर असाल तर ड्रायव्हरही बघा. साध्या विंडोज ड्रायव्हरऐवजी इंटरफेससोबत आलेला एएसआयओ ड्रायव्हर निवडा. स्टाइनबर्गनं हे प्रकरण १९९७ साली काढलं ते याच त्रासापायी. मॅकवाल्यांना हे कोअर ऑडिओत आयतं मिळतं, म्हणून ते जरा भाव खातात. खाऊ देत.

याच रांगेतला छुपा रुस्तम म्हणजे मास्टर ट्रॅकवरचा लिमिटर. पुढचा आवाज आधी बघून दाबणारे लिमिटर आणि लिनिअर फेज इक्यू यांना विचार करायला वेळ लागतो. बाकीचे ट्रॅक जुळावेत म्हणून सॉफ्टवेअर सगळंच तेवढं थांबवतं. परिणाम काय, तर काल गाणं नीट वाजत होतं आणि आज एक प्लगइन लावल्यावर बोटं जड झाली! लॉजिकमध्ये यासाठी लो लेटन्सी मोड आहे, क्यूबेसमध्ये कन्स्ट्रेन डिले कॉम्पेन्सेशनचं बटण आहे. नाहीतर रेकॉर्डिंग होईपर्यंत ते प्लगइन काढून ठेवायचं.

इतकं झाल्यावर वाजवायला मजा येऊ लागली. पण ठेका अजून किंचित हलत होता. एकसारखा नाही, मध्येच एखादी नोट. म्हणजे जिटर! इथे तिनं जी टेस्ट केली, ती कापून फ्रिजवर चिकटवा. सॉफ्टवेअरमध्ये १२० बीपीएमला प्रत्येक मात्रेवर एक नोट माऊसनं लिहिली, म्हणजे माणसाचा हात बाद. ती मिडीनं कीबोर्डकडे पाठवली, कीबोर्डचा खणखणीत आवाज ऑडिओ ट्रॅकवर रेकॉर्ड केला आणि झूम करून दोन ठोक्यांमधलं अंतर मोजलं. ४४.१ किलोहर्ट्झला ते २२,०५० सॅम्पल्स हवं. ४४ सॅम्पल्सचा फरक म्हणजे एक मिलिसेकंद. सगळे ठोके सारखेच मागे असतील तर काळजी नको, ट्रॅक डिलेत तेवढे मिलिसेकंद वजा टाकले की काम झालं. एक-दोन मिलिसेकंद इकडेतिकडे असतील तर तेही सोडून द्या, कारण यूएसबीचा कारभारच साधारण मिलिसेकंदाच्या हप्त्यांनी चालतो. पण हिच्याकडे बरेच ठोके सात-आठ मिलिसेकंदांनी हुकत होते आणि एक तर चक्क पंधरानं!

तो हात नव्हताच, यंत्र होतं. वहीत तसं लिहिताना तिचा चेहरा बघायला हवा होता!

मग वायरींची झाडाझडती. कीबोर्ड ते लॅपटॉप अशी एक बिनब्रँडची यूएसबी मिडी केबल होती, आणि ती खोचली होती एका हबमध्ये. त्याच हबला माऊस, पेन ड्राइव्ह आणि चार्ज होणारा फोन, म्हणजे अख्खं संमेलन. केबल थेट लॅपटॉपला लावली, तर फरक पडला. लॅपटॉप बॅटरीवर पॉवर सेव्हर मोडमध्ये होता. चार्जर लावून हाय परफॉर्मन्स केला, आणखी फरक. मग लेटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालवलं. कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून बसतो, हे ते दाखवतं. गुन्हेगार निघाला वायफायचा ड्रायव्हर. वायफाय बंद, फोन दुसऱ्या खोलीत, आणि ठोके दीड-दोन मिलिसेकंदांच्या आत. जाता जाता एक सांगते: या केबलच्या ज्या टोकावर ‘आउट’ लिहिलेलं असतं ते कीबोर्डच्या ‘इन’मध्ये जातं. भलेभले इथे तासभर अडकतात.

एक प्रकार तिच्याकडे नव्हता, पण तुमच्याकडे असू शकतो. वाजवताना सगळं बरोबर ऐकू येतं आणि प्लेबॅकला अख्खा तुकडा पुढे किंवा मागे सरकलेला सापडतो. ही भानगड आवाजाची नसून शिक्क्याची आहे. आलेल्या नोटवर वेळेचा शिक्का मारणारं घड्याळ आणि सॉफ्टवेअरचं घड्याळ जुळत नाही. क्यूबेसमध्ये मिडी पोर्ट सेटअपला सिस्टिम टाइमस्टॅम्प वापरण्याचा पर्याय आहे, तो चालू किंवा बंद करून बघा. आणि यादीत एकच पोर्ट वेगवेगळ्या नावांनी दोनदा दिसत असेल तर एकच चालू ठेवा.

‘एवढी कटकट कशाला, क्वांटाइझ मारा की,’ असं म्हणणारा एकजण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. माझं स्पष्ट मत: हे म्हणजे ताप मोजायचा सोडून थर्मामीटर बर्फात ठेवणं. केरव्याला जो झोल असतो, लग्गीत बोल जे किंचित रेलून येतात, ते सरळसोट सोळाच्या चौकटीत ठोकून बसवले की उरतो मोबाइलचा रिंगटोन. आधी यंत्र सुधारा. मग लागलंच तर क्वांटाइझ ५०-६० टक्के ताकदीनं वापरा, म्हणजे नोट चौकटीकडे सरकते पण हात दिसत राहतो. माझ्या मैत्रिणीनं तीन रात्रींत सगळं पुन्हा वाजवलं, एकही नोट क्वांटाइझ न करता. दिग्दर्शकाला ट्रॅक पाठवले, सोबत वहीच्या त्या पानाचा फोटो. उत्तर आलं, ‘ओके, छान’. तिला तेवढं पुरलं. मला नाही, पण ते असो.

नवीन काही घ्यायच्या विचारात असाल, तर २०२० साली मिडी २.० जाहीर झालंय आणि त्यात जिटर कमी करणारे वेळेचे शिक्के निरोपासोबतच पाठवायची सोय आहे. पण त्यासाठी कीबोर्ड, कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर तिघांनाही ती भाषा यायला हवी. तोवर जुना कीबोर्ड ओएलएक्सवर टाकायची घाई नको. १९८५च्या अटारी एसटी कॉम्प्युटरला मिडीची सॉकेट्स अंगचीच होती आणि त्याच्या टायमिंगची तारीफ जुने स्टुडिओवाले अजून करतात. जुनं म्हणजे ढिलं असं इथे तरी नाही.

आणि हो, जुन्या कीबोर्डची प्रत्येक नोट डबल, पोकळ, भुतासारखी ऐकू येत असेल तर घाबरू नका. एक आवाज कीबोर्डचा स्वतःचा असतो, दुसरा कॉम्प्युटरला वळसा घालून आलेला. मेनूत ‘लोकल कंट्रोल’ शोधा आणि ऑफ करा. फक्त रियाजाला बसताना ते परत ऑन करायला विसरू नका, नाहीतर कीबोर्ड मुका झाला म्हणून रिपेअरवाल्याकडे चक्कर होईल.