मडकं कच्चं की आवा थंड?

संघ लागोपाठ चार सामने हरला की फुटबॉलमध्ये एकच औषध सुचवलं जातं. कोच बदला! इंग्लंडात त्याला मॅनेजर म्हणतात, आपल्याकडे कोच, पण आरोळी जगभर तीच. खेळाडू पंचवीस असतात, त्यांना एकदम काढता येत नाही. मालकाला तर काढताच येत नाही. उरतो तो रेषेबाहेर हाताची घडी घालून उभा असलेला एकटा माणूस.

2025 च्या ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरने आपल्याला 2-1 हरवलं आणि एशियन कपची वाट बंद झाली. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशनेही 1-0 ने हरवलं. तेव्हा ही आरोळी खालिद जमीलच्या नावाने उठली. ऑगस्टमध्ये तर त्याला भारताचा कोच केलं होतं! सप्टेंबरात ओमानला पेनल्टीवर हरवून काफा नेशन्स कपमध्ये तिसरा नंबर आला तेव्हा हाच माणूस सगळ्यांना देव वाटत होता. तीन महिन्यांत देवाचा दगड झाला.

मला नवल वाटलं नाही. खालिदच्या नावाची ही आरोळी मी फार जुनी ऐकलेली आहे, कुपरेजच्या पायऱ्यांवर बसून.

आता तेरच्या माणसाला फुटबॉलचं वेड कुठून, असं कुणी विचारेल. रास्त प्रश्न आहे. आमच्या धाराशिवकडे खेळ म्हणजे खो-खो, कबड्डी, नाहीतर जत्रेतली कुस्ती. फुटबॉल कोल्हापूरकरांचा, आमचा नव्हे. पण पोटासाठी काही वर्षं मुंबईत काढली, आणि परक्या शहरात माणसाला काहीतरी 'आपलं' लागतं. मला मुंबई एफसी मिळाला. मुंबई सिटी नव्हे हो, तो नंतरचा, सिनेमावाल्यांचा. मुंबई एफसी हा 2007 साली सुरू झालेला, आय-लीगमध्ये खेळणारा साधासुधा क्लब. पैसे बेताचे, प्रेक्षक त्याहून बेताचे. कुपरेजचं काम चाललं होतं तेव्हा तर 'घरचे' सामने पुण्यात बालेवाडीला व्हायचे. स्वतःच्या घरात भाडेकरू, अशी अवस्था.

2009 पासून 2016 पर्यंत या क्लबचा कोच होता खालिद जमील. त्याआधी तो तिथेच खेळायचा. खेळणं थांबवलं आणि लगेच कोच झाला, वय जेमतेम बत्तीस. त्याच्या संघाचा खेळ बघायला मजा यायची असं मी अजिबात म्हणणार नाही. सगळे मागे थांबणार, लांब चेंडू मारणार, एखादा गोल मिळाला तर जीव मुठीत धरून सांभाळणार. शेजारी बसणारे म्हणायचे, "अरे हा फुटबॉल आहे की दगडफेक?" आणि मग ठरलेली आरोळी. खालिदला घालवा!

माझं तेव्हाही म्हणणं असायचं की बाबांनो, जरा हिशेब बघा. ज्या पैशात गोव्या-कोलकात्याचे क्लब एखादा चांगला परदेशी खेळाडू आणतात, त्यात हा अख्खा संघ चालवतोय. आणि सात वर्षांत एकदाही खालच्या विभागात घसरलेला नाही. घरात चार जणांचं पीठ आणि खाणारी आठ तोंडं असतील, तर भाकरी पातळच होणार. त्यात सुगरणीला काय बोल लावायचा?

पण पातळ भाकरीचा कंटाळा येतो हेही खरं. 2016 च्या मोसमानंतर क्लबने खालिदच्या जागी संतोष कश्यपला आणलं. कश्यप मुंबईचाच, खेळ खुला करणारा म्हणून ओळखला जाणारा. लोक खूश झाले.

पुढे जे झालं ते गोष्टीत लिहिलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. खालिद गेला मिझोरामला, ऐझॉल एफसीत. हा क्लब आदल्याच मोसमात घसरलेला होता. गोव्याच्या क्लबांनी आय-लीग सोडली म्हणून त्याला परत घेतलं, एवढीच त्याची पात्रता. सोबत मुंबईचे जुने गडी, जयेश राणे, आशुतोष मेहता. आणि 30 एप्रिल 2017 ला शिलाँगमध्ये लाजाँगशी 1-1 बरोबरी करून ऐझॉल भारताचा विजेता झाला! मोहन बागानपेक्षा एका गुणाने पुढे. ईशान्येतला पहिलाच क्लब.

आणि त्याच मोसमात, त्याच तक्त्यात, सगळ्यात तळाशी कोण? मुंबई एफसी. कश्यपला मोसमाच्या मध्येच घालवलं, स्पेनच्या ऑस्कर ब्रुझोनला आणलं, तरी घसरण थांबली नाही.

इथपर्यंत ऐकलं की लोक म्हणतात, "बघा, खालिद ग्रेट होता, त्याला काढलं म्हणून बुडाले." मला हे पूर्ण पटत नाही, आणि मुद्दा नेमका इथेच आहे. तिघांचं पुढे काय झालं ते बघा. कश्यप 2024 मध्ये भारताच्या महिला संघाचा कोच झाला. ब्रुझोनने बांगलादेशात बसुंधरा किंग्जला लागोपाठ लीग जिंकून दिल्या. तिघेही आपापल्या परीने जाणकार. आणि उलट बाजूने बघा. ऐझॉलला विजेता करणारा खालिद पुढच्याच मोसमात ईस्ट बंगालला गेला, तिथे चौथा आला आणि वर्षभरात बाहेर पडला. एका वर्षात माणसाची अक्कल वाढत नाही तशी ती संपतही नाही. मग बदललं काय? माणूस तोच, घर वेगळं.

आमच्या तेरला हे समजायला सोपं जावं. गोरोबाकाकांचं गाव हे. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईंनी काकांना सांगितलं की यातली पक्की मडकी कोणती ते बघा, आणि काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारलं, ही गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. नामदेव चिडले आणि ते मडकं कच्चं ठरलं. आपण गोष्ट इथेच संपवतो. पण पुढचा भाग जास्त मोलाचा आहे. कच्चं ठरलेलं मडकं कुणी उकिरड्यावर फेकलं नाही. नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के होऊन आले. कच्च्या मडक्याला आवा दाखवायचा असतो.

आणि समजा, मडकी दर खेपेला कच्चीच निघतायत. मग शहाणा कुंभार मडक्याला शिव्या देत बसत नाही. आवा नीट पेटला होता का, गोवऱ्या ओल्या होत्या का, ते बघतो.

महाराष्ट्रातल्या फुटबॉलचा आवा बघा. महिंद्रा युनायटेड, 2006 चा राष्ट्रीय विजेता, 2010 मध्ये बंद. पुणे एफसी 2013 ला उपविजेता, 2015 मध्ये गाशा गुंडाळला. डीएसके शिवाजियन्स 2017 नंतर दिसला नाही. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये संपला. आणि 2017 ला घसरलेल्या मुंबई एफसीने पुन्हा उभं राहायचा प्रयत्नच केला नाही, संघच मोडला. यातल्या किती जागी कोच बदलल्याने क्लब वाचला असता? माझ्या मते एकाही नाही. पैसा घालणाऱ्याने हात काढला की संपलं, कारण त्या क्लबांच्या खाली मोहल्ला नव्हता, गाव नव्हतं, पिढ्या नव्हत्या. कोल्हापूरच्या तालमी बघा. तिथे संघ पेठेचा असतो, म्हणून हरला तरी पुढच्या वर्षी मैदानात असतो.

म्हणजे कोचला कधीच काढू नये का? तसं नाही. खेळाडू ऐकेनासे झाले, ड्रेसिंग रूममध्ये गट पडले, किंवा हाताशी सगळं असून तो तीच चूक पुन्हा पुन्हा करत असेल, तर बदलावंच. आणि घर भक्कम असेल तर बदल पचतोही. मुंबई सिटीचा डेस बकिंगहॅम 2023 च्या नोव्हेंबरात मोसम अर्धवट सोडून इंग्लंडला गेला, त्याच्या जागी पीटर क्रात्की आला, आणि मे 2024 मध्ये त्यांनी आयएसएलचा कप उचलला. कोच गेला म्हणून छप्पर कोसळलं नाही, कारण ते त्याच्या एकट्याच्या खांद्यावर नव्हतं.

म्हणून संघ हरायला लागला की मी तीन गोष्टी बघतो. याला काय दिलं होतं? खेळाडू अजून याच्यासाठी धावतात का? आणि याच्या जागी जो येणार, त्याला जास्त काही देणार आहात का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर कोच बदलणं म्हणजे गळक्या घरात बादली बदलणं.

भारताच्या संघालाही हेच लागू. खालिदच्या चुका झाल्या असतील, त्याच्या सावध खेळावर टीका जरूर व्हावी. पण त्याच्या आधी मानोलो मार्केझ होता, त्याच्या आधी इगोर स्टिमाक. दोघांच्या वेळीही आरोळी हीच होती. माणसं बदलली, गोल काही वाढले नाहीत.

ओरडणं हा प्रेक्षकाचा हक्क आहे, तो सोडा असं मी म्हणणार नाही. रेषेजवळच्या माणसावर ओरडणं सोपं, तो समोर दिसतो. वातानुकूलित बॉक्समध्ये बसलेला दिसत नाही. पण अधूनमधून मान वर करून तिकडेही ओरडावं, एवढंच. कारण कोच गेला तर दुसरा मिळतो. क्लब गेला की काय होतं ते माझ्यासारख्याला विचारा. आज मला रविवारी शिव्या घालायलासुद्धा स्वतःचा संघ नाही.

असो. तुमचा असेल, तर जपा.